योजनेचा लेखक, योजना आयोगाचा विरोधक

अर्थसंकल्पाचे दिवस जवळ आले की नॉर्थ ब्लॉकचा छापखाना, हलव्याची कढई आणि अधिकाऱ्यांची काही दिवसांची नजरकैद यांच्या कहाण्या वर्तमानपत्रांत हमखास येतात. त्यांच्या शेपटाला एक जुनी आठवणही जोडलेली असते. १९५० साली अर्थसंकल्पाची कागदपत्रे राष्ट्रपती भवनातील छापखान्यात छापली जात असताना त्यांतील काही भाग फुटला, म्हणून छपाई आधी मिंटो रोडला आणि पुढे १९८० मध्ये नॉर्थ ब्लॉकमध्ये आली, अशी ती आठवण. इथवर तक्रारीला जागा नाही. मात्र त्यापुढे पुष्कळदा एक वाक्य जोडले जाते की, या फुटीपायी तेव्हाचे अर्थमंत्री जॉन मथाई यांना पायउतार व्हावे लागले. हे वाक्य मी इतक्या ठिकाणी वाचले आहे की आता त्याचा राग येण्याऐवजी कीव येते. ज्या माणसाने एका घटनात्मक प्रश्नावर मंत्रिपद सोडले, त्याचे नाव आपण छापखान्यातील एका गैरप्रकाराला बांधून ठेवले आहे.

मथाईंचा जन्म १० जानेवारी १८८६ रोजी कालिकतचा, मलबारमधील सीरियन ख्रिश्चन कुटुंबातला. शिक्षण मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयात झाले. मग कायद्याची पदवी आणि मद्रासमध्ये चार-एक वर्षे वकिली. वकिलीत मन रमले नसावे, कारण पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये विद्यार्थी म्हणून दिसतात. तेथे सिडनी वेब यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील ग्रामशासनावर प्रबंध लिहिला. १९१५ मध्ये तो वेब यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. गावचे तळे कोण राखते, जागल्याला कोण पोसते, शाळेचा आणि दानधर्माचा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, अशा प्रश्नांचे ते पुस्तक आहे. पुढे देशाची तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाने आपल्या अभ्यासाचा आरंभ गावच्या वर्गणीपासून केला होता, याचे मला मोल वाटते. सामायिक पैसा कोण गोळा करतो, कोणाच्या सांगण्यावरून तो खर्च होतो आणि त्याचा जाब कोण देतो, हा एकच प्रश्न त्यांनी आयुष्यभर वेगवेगळ्या पातळ्यांवर विचारला, असे म्हटले तरी चालेल.

ऑक्सफर्डहून परतल्यावर काही काळ मद्रास सरकारच्या सहकार खात्यात काम, नंतर प्रेसिडेन्सी महाविद्यालयात अर्थशास्त्राचे अध्यापन आणि त्याच काळात मद्रास विधान परिषदेचे सदस्यत्व. १९२५ मध्ये ते टॅरिफ बोर्डावर गेले आणि पुढे त्याचे अध्यक्ष झाले. टॅरिफ बोर्ड ही आज विस्मृतीत गेलेली संस्था. परदेशी मालावर जकात बसवून आम्हाला संरक्षण द्या, अशी मागणी घेऊन आलेल्या प्रत्येक उद्योगाने आपला उत्पादनखर्च, नफा, मजुरी, कार्यक्षमता यांचा हिशेब या मंडळापुढे मांडायचा आणि मंडळाने त्याची झडती घ्यायची, अशी तिची रीत होती. संरक्षण मिळाले तरी ते मुदतीचे, आणि मुदत संपताना पुन्हा चौकशी. टाटांच्या पोलादाला १९२४ पासून असे संरक्षण मिळालेले होते. त्यानंतर काही वर्षे मथाई सरकारच्या व्यापारी माहिती व सांख्यिकी विभागाचे महासंचालक होते. १९४० मध्ये सरकारी सेवा संपताच ते टाटांकडे गेले. आज एखादा नियामक असा उद्योगगृहात गेला, तर संपादकीये लिहिली जातील, आणि ती लिहिली जावीत असेच मी म्हणेन. त्या काळी हिशेब जाणणाऱ्या भारतीय माणसाला सरकार आणि टाटा यांखेरीज फारशी दारे नव्हती, एवढेच त्यावर म्हणता येईल. अमूलचे वर्गीस कुरियन हे मथाईंच्या नात्यातले. टाटांच्या नोकरीत असताना मोठ्या आप्ताची सावली नको म्हणून ते तेथून बाहेर पडले, असे त्यांनी पुढे नमूद करून ठेवले आहे.

मुंबईच्या त्या वर्षांतील मथाईंचे सर्वांत मोठे काम म्हणजे जानेवारी १९४४ मध्ये प्रसिद्ध झालेली मुंबई योजना. पुरुषोत्तमदास ठाकूरदास, जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, अर्देशीर दलाल, लाला श्रीराम, कस्तुरभाई लालभाई, ए. डी. श्रॉफ आणि जॉन मथाई अशा आठ जणांच्या सह्या तीवर आहेत. मसुद्यावरचा हात मुख्यत्वे मथाईंचा मानला जातो. १५ वर्षांत १०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक करून दरडोई उत्पन्न दुप्पट करायचे आणि अवजड उद्योगांना अग्रक्रम द्यायचा, असा तिचा आराखडा होता. आश्चर्य याचे की, त्यासाठी शासनाने अर्थव्यवस्थेत मोठ्या प्रमाणावर हस्तक्षेप करावा, हे देशातील सर्वांत बड्या भांडवलदारांनी लेखी मान्य केले होते. नेहरूंच्या नियोजनाला विरोध करणारा बाजारवादी अशी मथाईंची जी प्रतिमा अलीकडे उभी केली जाते, ती या एका पुस्तिकेपुढे टिकत नाही.

सप्टेंबर १९४६ मध्ये हंगामी सरकार स्थापन झाले, तेव्हा अर्थखाते मथाईंकडे आले. ते काँग्रेसचे नव्हते. तुरुंगातही कधी गेले नव्हते. दोनच महिन्यांत मुस्लीम लीग सरकारात आली. गृहखाते सोडायला वल्लभभाई पटेल तयार नव्हते, म्हणून लीगला अर्थखाते देऊ करण्यात आले. हे किचकट खाते लीगला पेलवणार नाही, असा काँग्रेसचा हिशेब होता. चौधरी मुहम्मद अली या सनदी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने लियाकत अली खान यांनी ते आनंदाने स्वीकारले आणि काँग्रेसच्या मंत्र्यांना लवकरच उमगले की अर्थखात्याच्या संमतीवाचून कोणत्याही खात्याचे पान हलत नाही. फेब्रुवारी १९४७ च्या अर्थसंकल्पात लियाकत अलींनी व्यापारी नफ्यावर जबर कर सुचवला आणि भांडवली नफ्यावरचा करही आणला. काँग्रेसच्या पाठीराख्या उद्योगपतींच्या वर्मी तो घाव बसला. अर्थखाते म्हणजे काय, याचा धडा स्वतंत्र भारताच्या राज्यकर्त्यांनी स्वातंत्र्याच्या आधीच घेतला होता. त्या वेळी उद्योग व पुरवठा खात्यात हलवले गेलेले मथाई तो जवळून पाहत होते.

स्वातंत्र्याच्या वेळी त्यांच्याकडे रेल्वे होती. फाळणीतील रेल्वेचा इतिहास आपण रक्ताने माखलेल्या डब्यांच्या रूपात लक्षात ठेवला आहे. त्याच वेळी रेल्वेचे मार्ग, इंजिने आणि कर्मचारी यांचीही वाटणी चालू होती. त्या गदारोळात, नोव्हेंबर १९४७ मध्ये, मथाईंनी स्वतंत्र भारताचा पहिला रेल्वे अर्थसंकल्प मांडला. त्याच महिन्यात अर्थमंत्री आर. के. षण्मुखम चेट्टी यांनी देशाचा पहिला अर्थसंकल्प सादर केला. नऊ महिन्यांत चेट्टींना जावे लागले. प्राप्तिकर चौकशीच्या यादीतून काही नावे वगळली गेल्याचे ते प्रकरण होते. सप्टेंबर १९४८ मध्ये अर्थखाते पुन्हा मथाईंकडे आले.

ते आले तेव्हा महागाई भडकलेली होती. वर्षभरापूर्वी उठवलेली धान्यावरची नियंत्रणे सरकार पुन्हा लादत होते. काश्मीरचा लढा चालू होता, निर्वासितांचा खर्च होता, आणि युद्धकाळात इंग्लंडकडे साठलेली भारताची सुमारे १७०० कोटी रुपयांची स्टर्लिंग शिल्लक पाउंडांत अडकून पडलेली होती. मथाईंच्या पावणेदोन वर्षांच्या कारकिर्दीत १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि बँकांवर देखरेख ठेवणारा १९४९ चा कायदा झाला. आजही आपल्या बँका याच कायद्याच्या चौकटीत चालतात. लियाकत अलींचा भांडवली नफ्यावरील कर मथाईंनी रद्द केला. व्यापारी नफ्यावरील करही १९५० मध्ये गेला. भांडवल बाजारात मुद्दाम धास्ती पसरू नये आणि गुंतवणूक थांबू नये, ही त्यामागील भूमिका. समाजवादी टीकाकारांना त्यात टाटांचा माणूस दिसला. ती टीका अगदीच निराधार होती असे मी म्हणणार नाही, कारण करसवलतींनंतर अपेक्षित गुंतवणूक धावून आली नाही.

सर्वांत कठीण प्रसंग सप्टेंबर १९४९ मधला. इंग्लंडने १८ सप्टेंबरला पाउंडाचे ३०.५ टक्के अवमूल्यन केले. भारताचा बहुतेक व्यापार स्टर्लिंग क्षेत्राशी असल्याने रुपयाला मागोमाग जावे लागले आणि सुमारे ३ रुपये ३० पैशांचा डॉलर ४ रुपये ७६ पैशांवर गेला. पाकिस्तानने मात्र आपल्या रुपयाचे अवमूल्यन केले नाही. एका रात्रीत पाकिस्तानचे १०० रुपये भारताच्या १४४ रुपयांच्या बरोबरीचे झाले. हुगळीकाठच्या ताग गिरण्या भारतात, ताग पिकणारी शेते पूर्व बंगालमध्ये. तो दर मान्य करणे म्हणजे गिरण्यांचा कच्चा माल एकदम ४४ टक्के महाग करणे. भारताने दर नाकारला, व्यापार गोठला, वर्षअखेरीस पाकिस्तानला जाणारा कोळसाही थांबला. फाळणीने नकाशावर ओढलेली रेषा खऱ्या अर्थाने आर्थिक सीमा बनली ती या शरद ऋतूत, असे माझे मत आहे. ही कोंडी फेब्रुवारी १९५१ मध्ये फुटली आणि तीही भारताने पाकिस्तानी दर मान्य केल्यावर. तोवर मथाई मंत्रिमंडळात नव्हते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. २८ फेब्रुवारी १९५० रोजी मथाईंनी प्रजासत्ताकाचा पहिला अर्थसंकल्प मांडला. आकड्यांचा तपशील छापील श्वेतपत्रिकेत देऊन त्यांनी भाषण देशाच्या आर्थिक स्थितीवर केले. योजना आयोग स्थापन होत असल्याचे संसदेला सांगणाराही हाच मंत्री होता. १५ मार्चला मंत्रिमंडळाच्या ठरावाने आयोग अस्तित्वात आला. पंतप्रधान नेहरू अध्यक्ष, गुलझारीलाल नंदा उपाध्यक्ष, आणि सदस्यांमध्ये रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख. जूनच्या आरंभी मथाई सरकारातून बाहेर पडले. कारणे त्यांनी दडवली नाहीत. त्यांचे निवेदन वर्तमानपत्रांत आले, आणि दिल्लीतील सभ्य संकेतांना धरून आजारपणाचे निमित्त सांगण्याची सोय त्यांनी नाकारली. पाकिस्तानविषयक धोरणावर त्यांचा नेहरूंशी मतभेद होता. एप्रिलमधील नेहरू-लियाकत करारावरून श्यामाप्रसाद मुखर्जी आणि क्षितीशचंद्र नियोगी आधीच बाहेर पडले होते. खर्चाच्या शिस्तीबद्दलही त्यांची तक्रार होती. परंतु आक्षेपाचा गाभा योजना आयोग हा होता. आयोगाची वेळ चुकली आहे, त्याची रचना सदोष आहे, आणि तो मंत्रिमंडळाला समांतर असे दुसरे मंत्रिमंडळ बनू पाहत आहे, असे त्यांनी जाहीरपणे मांडले.

मुंबई योजनेचा लेखकच योजना आयोगाविरुद्ध उभा राहिला, यात अनेकांना विसंगती दिसली. मला ती दिसत नाही. मथाईंचा वाद नियोजन हवे की नको, हा नव्हता. खर्चाचा अग्रक्रम कोणी ठरवायचा आणि त्याबद्दल लोकसभेत उभे राहून उत्तर कोणी द्यायचे, हा होता. संसदीय व्यवस्थेत कोणत्याही खात्याची मागणी अर्थखात्याकडे येते, तेथे तिची छाननी होते, मतभेद राहिला तर मंत्रिमंडळ निर्णय देते, आणि मग अनुदानाची मागणी म्हणून ती लोकसभेपुढे जाते. साखळीची प्रत्येक कडी कोणाला तरी बांधील असते. योजना आयोग संविधानातून आला नव्हता, कोणत्या कायद्यातूनही नव्हता. त्याचे बहुसंख्य सदस्य संसदेला उत्तर देण्यास बांधील नव्हते. पण अध्यक्ष खुद्द पंतप्रधान असल्याने त्याची शिफारस अर्थमंत्र्याला नाकारता येणे अवघड होते. खात्यांनी आपल्या योजना तिकडून मंजूर करून आणायच्या आणि अर्थमंत्र्याने फक्त पैसे मोजून द्यायचे, म्हणजे मंत्र्याचा रोखपाल होतो. आणि मग दोष मात्र त्याच्याच माथी.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अर्थखात्याची दृष्टी स्वभावतः ३१ मार्चपर्यंत पोहोचते. १८१० मध्ये कंपनी सरकारच्या काळात हा विभाग उभा राहिला तेव्हापासून, आणि १८६० मध्ये जेम्स विल्सन यांनी पहिला अर्थसंकल्प मांडला तेव्हापासून, त्याला महसूल आणि काटकसर हीच शिकवण मिळाली होती. भाक्रा धरण किंवा पोलादाचा कारखाना एका वर्षाच्या ताळेबंदात मावत नाही. दहा-वीस वर्षे पुढचे पाहणारी, खात्यांच्या भांडणाबाहेर उभी असलेली संस्था नेहरूंना हवी होती, ही गरजही खोटी नव्हती. मथाईंनी या गरजेला पर्यायी रचना सुचवली असती तर त्यांची बाजू अधिक बळकट झाली असती. तसे काही त्यांनी तपशिलात मांडल्याचे माझ्या वाचनात नाही.

नेहरूंनी तिढा सोडवला तो व्यक्तीच्या निवडीतून. मथाईंच्या जागी अर्थमंत्री म्हणून आले ते चिंतामणराव देशमुख, म्हणजे खुद्द योजना आयोगाचे सदस्य. भांडणाऱ्या दोन संस्थांमध्ये एकच माणूस बसला आणि पुढे अर्थमंत्र्याने आयोगावर असणे हा रिवाज झाला. त्याने संघर्ष झाकला गेला, संपला नाही. राज्यांना मिळणाऱ्या पैशाचा एक प्रवाह संविधानाने नेमलेल्या वित्त आयोगातून आणि दुसरा योजना आयोगातून, अशी दुहेरी व्यवस्था तयार झाली. दर वर्षी मुख्यमंत्री फायली घेऊन योजना भवनाच्या पायऱ्या चढू लागले. १९६७ मध्ये प्रशासकीय सुधारणा आयोगाने पंतप्रधान व मंत्र्यांनी योजना आयोगाचे सदस्य असू नये, असे सुचवले, तेव्हा मथाईंचा जुना आक्षेपच नव्या भाषेत मांडला जात होता. कोणी ऐकले नाही.

१ जानेवारी २०१५ रोजी योजना आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. नव्या संस्थेकडे पैसा वाटण्याचा अधिकार नाही. २०१७-१८ पासून अर्थसंकल्पातील योजना आणि योजनेतर हा भेदही गेला. म्हणजे पासष्टेक वर्षांनी निकाल मथाईंच्या बाजूने लागला, असे कोणाला वाटेल. मला तसे वाटत नाही. त्यांनी अर्थखात्याची बाजू घेतली होती ती ते खाते लोकसभेला उत्तर देते म्हणून. योजना आयोगाचे अधिकार अर्थखात्याकडे परतले, पण लोकसभेची पकड त्याच काळात सैल होत गेली. २०१८ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सर्व खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या चर्चेवाचून एकदम मतास टाकून संमत झाल्या. २०२३ मध्येही तेच घडले. गदारोळासाठी सरकार आणि विरोधक एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि लाखो कोटी रुपये काही मिनिटांत मंजूर झाले. गावचे तळे आणि जागल्या यांचा खर्च कोण तपासतो, हे विचारत निघालेल्या विद्यार्थ्याने या दृश्याकडे कसे पाहिले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

मंत्रिपद गेल्यानंतर मथाईंनी राजकीय वनवास पत्करला नाही किंवा कुणी तो त्यांच्यावर लादलाही नाही. त्या पिढीच्या मोठेपणाची ही एक खूण. देशमुखांनीच १९५३ मध्ये त्यांना कर चौकशी आयोगाचे अध्यक्षपद दिले. वैकुंठभाई मेहता आणि व्ही. के. आर. व्ही. राव हे त्यांचे सहकारी. तीन खंडांचा तो अहवाल आज कोणी उघडत नाही, पण आंतरराज्य व्यापारावरील विक्रीकर केंद्राच्या अखत्यारीत आणण्याची त्याची शिफारस १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीत उतरली आणि वस्तू व सेवा कर येईपर्यंत देशातील व्यापाराला तिने वळण दिले. याच अहवालात कर भरल्यानंतरचे वैयक्तिक उत्पन्न सरासरी कौटुंबिक उत्पन्नाच्या सुमारे ३० पटींहून अधिक असू नये, असेही सुचवलेले आहे. भांडवलदारांचा माणूस म्हणून हिणवलेल्या अर्थमंत्र्याच्या सहीने ही सूचना आली होती. ती अमलात येणे शक्य नव्हते, आणि ती आली नाही.

१ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष मथाई होते. त्याच सुमारास शंभरीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही त्यांच्याकडे आले. १९५७ मध्ये ते नव्या केरळ राज्यात परतले आणि केरळ विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांचे कम्युनिस्ट सरकार तेव्हा सत्तेवर आले होते आणि त्याच्या शिक्षण विधेयकावरून सारे राज्य पेटले होते. १९५९ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या पत्नी अचम्मा यांना समाजकार्यासाठी पद्मश्री त्याआधीच, १९५४ मध्ये, मिळाली होती. १९५९ च्या नोव्हेंबरात मथाईंचे निधन झाले. त्यांच्या कुटुंबाने त्रिशूरमधील अरणाट्टुकरा येथील जागा शिक्षणासाठी दिली. कालिकत विद्यापीठाचे डॉ. जॉन मथाई केंद्र तेथे आहे आणि त्यात अर्थशास्त्राचा विभाग चालतो.